दाढेखालची लवंग

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रामनगरच्या माझ्या दुकानात कुणाच्या तरी लग्नातला झंपर शिवत बसलो होतो. अणशीकडून आलेल्या बसचा कंडक्टर दारातूनच म्हणाला, ‘‘मास्तर, तुमचं दाजी दवाखान्याच्या वाटंतच गेलं वो. जीप गणेशगुडीपातूर बी पोचली न्हाई.’’ मी टेलर माणूस, पाय आपला मशीनच्या पायट्यावर हलतच राहिला आणि झंपराची बाही कुठल्या कुठं शिवली गेली. रडू नंतर आलं. आधी आला तो राग. खोकला असता तर जगला असता हा माणूस! आज महिना उलटून गेला, कडू गोड झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले… राग तेवढा गेलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, परशुराम. अणशीच्या बाजूला रानाला लागून त्यांचं भातशेत. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, मागून गवे. मग कापणीपर्यंत शेतातल्या माळ्यावर राखणीला बसायचं. माणूस कुठल्या कोपऱ्यात बसलाय हे डुकराला कळलं तर ते दुसऱ्या कोपऱ्यातून शिरतं, म्हणून ते जवळ येईतोवर चिडीचूप राहायचं आणि मग एकदम डबा बडवायचा. घशात खवखवलं तरी खोकायचं नाही. त्याला तिकडं एकच इलाज, दाढेखाली लवंग धरायची आणि खोकला गिळायचा. त्यात दाजींचा हात कुणी धरला नसता. गावात म्हणायचे, ‘‘पर्सू माळ्यावर हाय का न्हाई ते माळ्याला बी कळायचं न्हाई.’’ हे ऐकलं की दाजी मिशीत हसायचे.

लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यानं त्यांच्या हृदयाची झडप आवळत आणलेली. पस्तिशीतच चार पावलं चाललं की दम लागायचा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. लांबच्या शहरातल्या इस्पितळात डाव्या बरगड्यांमधून आत शिरून ती झडप मोकळी करायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी व्यायामाच्या बाई आल्या. फिजिओथेरपी हा शब्द आम्ही तिथंच पहिल्यांदा ऐकला. बाई धारवाडकडच्या, उंच, बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी दाजींना बसवून शिकवलं… नाकानं खोल श्वास घ्यायचा, उशी जखमेच्या जागी घट्ट दाबायची आणि पोटातून खोकायचं. ‘‘खोकायला शिकायला एवढ्या लांब आलो व्हय?’’ म्हणून दाजी हसले. इस्पितळाची उशी पार लेचीपेची होती. माझ्याकडं अक्काच्या जुन्या लुगड्याच्या खोळीत दुकानातल्या चिंध्या ठासून भरलेली एक उशी होती, बसमध्ये पाठीला घ्यायची. बाईंनी ती दाबून बघितली. ‘‘हीच ठेवा,’’ म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. दाजी शुद्धीवर आले, श्वासाची नळी निघाली, आणि तिथून पुढं सगळं बिघडत गेलं. अतिदक्षता विभागात आम्हाला घटकाभरच सोडायचे. बाई पाठीवर पोकळ तळव्यानं थापट्या द्यायच्या, कुशीवर वळवायच्या, ‘‘खोका दादा, जोरात’’ म्हणायच्या. दाजी मान हलवायचे आणि गप्प. बरगडीची जखम, दुखतही असणार. ताप चढला. छातीच्या फोटोत डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा आला. डॉक्टर म्हणाले, ‘‘कफ साठलाय. निघाला नाही तर परत नळी घालावी लागेल, आणि मग आमच्या हातात फारसं राहणार नाही.’’ अक्काचा चेहरा बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्यांचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि दाढेमागून बोटानं काहीतरी काढलं. लवंग! बाई आमच्याकडं वळल्या. ‘‘कोणी दिली ही?’’ अक्का पदराचं टोक मुठीत धरून उभी. त्या टोकाला गाठ होती आणि गाठीत आणखी लवंगा. रडत रडत म्हणाली, ‘‘खोकला आला की लई कळ येती त्यास्नी. टाकं तुटतील म्हणून दिली वो बाई.’’ पोटातल्या मायेनंच दिली होती हो तिनं, दुसरं काय! बाईंचा आवाज चढला. ‘‘त्या खोकल्यावरच त्यांचा जीव आहे आणि तुम्ही तोच दाबताय?’’ मग त्यांनी उशी उचलून अक्काच्या हातात दिली. ‘‘माझं ते ऐकत नाहीत. आता दाबून तुम्ही धरायची, आणि सांगायचंही तुम्हीच.’’

आमची अक्का दाजींशी कधी मान वर करून बोललेली नव्हती. भाकरी वाढली तरी ‘‘घ्यावं’’ एवढंच भिंतीकडं बघून म्हणायची. ती उशी दाबून पुटपुटली, ‘‘खोका.’’ दाजींनी डोळे मिटून घेतले. तशी ती एकदम ओरडलीच, ‘‘मला म्हातारी व्हायचंय तुमच्यासंगं! खोका, म्हणते मी!’’ दाजींनी डोळे उघडले. आणि खोकले… घामानं भिजून गेले, डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकले. बाईंनी पुढं धरलेल्या भांड्यात घाण पिवळा कफ पडला. ‘‘आणखी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणखी,’’ अक्का म्हणाली.

दाजी वाचले. गावी गेल्यावरही रोज सकाळी पायरीवर उशी छातीशी धरून बसायचे, श्वासाचा व्यायाम करायचे आणि शेवटी असा दणकून खोकायचे की शेजारच्या घरची पोरं उठायची. मी चेष्टा करायचो, ‘‘दाजी, आता डुकरं गणेशगुडीला जाऊन राहिली म्हणा की!’’ माळा सुटलाच होता त्यांचा, राखणीला पुतण्या जायचा. अशी बरीच वर्षं बरी गेली.

यंदा पुतण्या गोव्याला कामाला गेला आणि हातातोंडाशी आलेल्या भातात डुकरं शिरली. अक्का दारात आडवी पडली तरी दाजी माळ्यावर गेले. दवानं छाती भरली. त्यांनी ताप लपवला आणि लवंग धरून पुन्हा खोकला गिळला. अक्कानं विचारलं की म्हणायचे, ‘‘कापणी हुंदे, मग खोकतो निवांत.’’ कापणी झाली. तोवर खोकायचं बळच उरलं नव्हतं. जीपमध्ये अक्कानं उशी दाबून धरली होती म्हणे, जोयडा मागं पडलं तरी ‘‘खोका, खोका’’ करत होती. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लवंगा निघाल्या, सदरा मीच शिवलेला. काय म्हणावं या माणसाला! चार पोती भातापायी…

गेल्या आठवड्यात अक्काकडं राहायला गेलो होतो. सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तर ती पायरीवर दाजींच्या जागेशेजारी बसलेली, उशी मांडीवर. खोळ विरली होती, शिवणीतून माझ्या दुकानातल्या रंगीत चिंध्या बाहेर आल्या होत्या. ‘‘आण, नवी खोळ घालून देतो,’’ म्हणालो. तिनं मान हलवली, दिली नाही. समोरचं शेत कापून मोकळं पडलं होतं. तिनं उशी दोन्ही हातांनी रिकाम्या जागेकडं सरकवली, जखमेवर दाबावी तशी दाबली, आणि मी ऐकतोय याचंही भान नसल्यासारखं हळूच म्हणाली, ‘‘खोका की वो… खोका, म्हणते मी.’’