करकपातीचे लाभार्थी

भिंगारच्या जुन्या बाजारात कानिफनाथरावांशी वाद घालून कोणी जिंकल्याचे ऐकिवात नाही. याचे श्रेय त्यांच्या ज्ञानापेक्षा समोरच्याचे वाक्य पुरे होऊ न देण्याच्या त्यांच्या सवयीला होते. लष्करी कार्यालयात तेहतीस वर्षे मुलकी कारकुनी केल्यावर त्यांची खात्री पटली होती, की या देशात सरकारी कागद नीट वाचणारा माणूस एकच होता आणि तोही आता निवृत्त झाला आहे.

ऑगस्टमध्ये जीएसटी उतरणार अशी घोषणा झाली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी राहीबाई मोरीत घसरून उजवा हात मोडून बसल्या. धुणे कानिफनाथरावांकडे आले. शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून ते दार लावून कपडे घासत आणि मग महमूदभाईंच्या टीव्ही-फ्रीजच्या दुकानाच्या पायरीवर बसून अर्थव्यवस्था घासत. वॉशिंग मशीन घ्यायचे नक्की होते. पण कर उतरल्यावरच, असा त्यांचा निर्णय होता.

सत्ताधारी पक्षाचा वॉर्डप्रमुख अजिनाथ तिथे रोज यायचा. "काका, सरकारनं जनतेला भेट दिली."

"भेट? आठ वर्षे माझ्या खिशात हात घालायचा, आता दोन बोटे बाहेर काढायची आणि वर पेढे मागायचे?"

"पन तुमच्या त्या विरोधकांनी तरी..."

"ते माझे नाहीत. मी मतदान करतो ते तक्रारीचा हक्क शाबूत राहावा म्हणून."

पितृपंधरवडा लागला. त्या दिवसांत नवी वस्तू कोणी घरात आणत नाही, म्हणून महमूदभाई दरसाल नेमके तेव्हाच भाव पाडत.

"साहेब, मशीन आत्ताच न्या. सूट हाय. अन् कराचं म्हनाल तर मशीनला..."

"घटस्थापनेपासून कर उतरतो, हे ठाऊक आहे म्हणूनच तुमची ही घाई."

"तसं न्हाई, त्या यादीत..."

"यादी मला शिकवू नका, महमूदभाई."

घरी राहीबाईंनी विषय काढला. "पितरांसाठी थांबलाय व्हय? त्यांनी कवा धुनं धुतलंय?"

"प्रश्न पितरांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वानं कॉलरी निघंनात तुमच्या."

"दम धर. स्वस्तात आणून दाखवतो."

घटस्थापनेच्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कानिफनाथरावांनी गल्ल्यावरची यादी उचलली. मोठे टीव्ही उतरले होते, एसी उतरले होते. भांडी धुण्याचे यंत्रही उतरले होते, जे अख्ख्या भिंगारमध्ये कोणाकडे असल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. वॉशिंग मशीन मात्र यादीत नव्हते. ते कित्येक वर्षांपासून खालच्याच दरात होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग उलटून पाहिला. मागे काही छापलेले नव्हते.

"मी तेच सांगत हुतो," महमूदभाई हळूच म्हणाले. "अन् सूट कालच सपली."

"केव्हा बसवून देता?" कानिफनाथरावांनी विचारले.

दुपारी मशीन आले. राहीबाई डाव्या हाताने त्याला कुंकू लावत होत्या, तोच अजिनाथ दोन कार्यकर्ते घेऊन दारात आला. ज्यांच्या घरी नवी खोकी उतरली, त्या लाभार्थ्यांचे फोटो काढायचा वरून आदेश होता.

"काका, तुमचा विरोध आमी मान्य करतो. पन मशीन तर स्वस्तात आलं ना? एक फोटो."

कानिफनाथरावांनी तोंड उघडले. मशीनवर कर एका पैशानेही उतरलेला नाही, एवढे एकच वाक्य अजिनाथला जन्मभर पुरले असते. पण त्या वाक्यापासून हातभर अंतरावर प्लास्टर गळ्यात अडकवून राहीबाई उभ्या होत्या. हातची सूट घालवून आपण फुकटच थांबलो, हे त्यांनाही ऐकू गेले असते.

त्यांनी तोंड मिटले. अजिनाथने पक्षाचे उपरणे त्यांच्या गळ्यात घातले आणि त्यांचा हात मशीनच्या झाकणावर ठेवला.

"हसा की जरा," राहीबाई म्हणाल्या, "सरकारनं येवढं केलंय."

कानिफनाथराव हसले. फोटो हलला म्हणून अजिनाथने त्यांना आणखी दोनदा हसायला लावले.