अमावास्येलाच होणारा भूकंप

भूकंप अमावास्येलाच होतो, हे बेळगावातल्या वडगावात, माझ्या थोरल्या बहिणीच्या म्हणजे आक्काच्या गल्लीत मी सिद्ध करून दाखवलं. पेनानं, कागदावर, चित्र काढून. तोवर गल्ली नुसती तसं म्हणत होती. त्याला शास्त्राचा टेकू देण्याचं पुण्यकर्म माझ्या हातून घडलं.

माझी लायकी आधीच सांगून टाकतो. आमचं घराणं विणकरांचं. माग सोडून डिप्लोमा केलेला त्यातला मी पहिला. उद्यमबागेत एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं काम करतो, राहतो अनगोळात. लोखंडाच्या तुकड्याला तडा गेलाय की नाही, एवढंच मला खरं म्हणजे कळतं. पण आमच्यात डिप्लोम्याचा दरारा असा की मोबाईल बंद पडो, पंपातनं पाणी न येवो, लेकराला कन्नड शाळेत घालायचं की इंग्लिश मीडियमला, सगळे मलाच विचारतात. विचारतात यात त्यांची चूक नाही. मी लगेच सांगतो, ही माझी.

गेल्या वर्षी दोन महिन्यांत दोन बारीक धक्के बसले. दोन्ही भर दुपारी. फळीवरचे डबे वाजले, बल्बची वायर झुलली, माणसं चपला न घालताच गल्लीत आली. झालं काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, म्हणजे भास नव्हता. आणि दोन्ही वेळा अमावास्या!

मग काय विचारता. गल्लीत तऱ्हेतऱ्हेचे पक्ष पडले. एक म्हातारा म्हणाला, शेषानं फणा बदलला. कोण म्हणालं, आदल्या दिवशी लई उकडत होतं, तवाच मी म्हटलंतं. कोपऱ्यावरचं कुत्रं आदल्या दिवशी रडलं होतं म्हणे. ते कुत्रं रोज रडतं, त्याला सवयच आहे ती, पण बाकीचे दिवस कोण ध्यानात ठेवतो? मीही मागं राहिलो नाही. "बारीक धक्के बसल्यालं बरंच असतंय, आतला जोर निघून जातोय, मोठा टळतोय," असं मी ठोकून दिलं. हे मी कुठं वाचलं होतं देव जाणे. पुढं कळलं की तेही खोटंच, बारीक शंभर बसले तरी मोठा टळत नाही. पण त्या दिवशी चारचौघांनी माना डोलावल्या आणि मला फार बरं वाटलं.

सगळ्यात मोठा पक्ष मात्र पायगुणाचा होता. आक्काची सून त्याच वर्षी घरात आलेली. निपाणीकडच्या एका तंबाखूच्या गावची पोर, मागाचं काम तिला ठाऊक नव्हतं, ते इथं येऊन शिकली. पोटुशी होती. ती आली आणि धरणी हलायला लागली, अशी बायकांत कुजबुज. माझा भाचा, म्हणजे तिचा नवरा, सालस माणूस. आईनं 'उठ' म्हटलं की उठणारा.

मला राग आला. खरोखर आला. म्हटलं, ह्या पोरीवरचं बालंट आपण शास्त्रानं दूर करायचं. आक्काच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत बसून मी सूर्य काढला, चंद्र काढला, पृथ्वी काढली, तिघांतनं एक रेघ मारली. "हे बघ आक्का, अमावास्येला सूर्य आन् चंद्र एका बाजूला येत्यात. दोघं मिळून वडत्यात. समुद्राला भरती येती का न्हाय? मग जमीन हलायला काय झालं? ह्यात सुनेचा काय संबंध?" चंद्राच्या ओढीचा बारीकसा परिणाम होतही असेल, पण त्यावरनं कुणाला तारीख काढता येत नाही. हे मी बोललो नाही. कारण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नाही. आक्कानं तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवला. माझी छाती दोन इंच फुगली.

महिनाभरानं सून एकटीच रिक्षानं अनगोळला माझ्या घरी आली. आठवा संपत आला होता, पायऱ्या चढून दमली होती. माझ्या बायकोनं पाणी दिलं. ते न पिताच ती म्हणाली, "मामा, तुमी माझ्या सासूबाईस्नी काय सांगून ठेवलाय?"

पहिलं बाळंतपण माहेरचं, पण तिच्या गावापासनं दवाखाना लांब, म्हणून ते बेळगावातच करायचं ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख नेमकी अमावास्येची. आक्काचं म्हणणं, बारा दिवस आधी सिझर करून मूल काढून घ्यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ चांगलं आहे, आई चांगली आहे, कारण काय? आक्का म्हणाली, ही न्हाय तर दुसरी बघू. आणि कुणी आडवं आलं की ती माझ्या चित्राकडं बोट दाखवायची. माझा भाऊ डिप्लोमा हाय, त्यानं लिहून दिलंय!

"मला भ्या वाटतंय, मामा," ती म्हणाली. "काय बी नसताना पोट कशाला फाडून घ्यायचं? लेकरू कच्चं राहिलं म्हंजे?"

मी घसा साफ केला आणि चंद्रापासनं सुरुवात करायला गेलो. तिनं मला थांबवलं.

"चंद्राचं राहू द्या. मी बुधवारी आईसंगं फोनवर बोलत हुते. आई एकदम म्हटली, अगं थांब, भांडी वाजायलीत, हलायलंय. हितं आमचं चार माग चालू हुते. मला काय बी कळलं न्हाय. त्या दिवशी अमावास्या न्हवती, मामा."

तेवढ्यात माझी बायको आतनं म्हणाली, "मी सांगितलं न्हवतं? बुधवारी कपाटाचं दार आपोआप वाजलं. तुमी म्हटला, ट्रक गेला असंल."

म्हटलं होतं खरं.

"वडगावात रोज सकाळपासनं माग खडखडत असतोय," सून म्हणाली. "भिंतीला हात लावला तर भिंत थरथरती. त्यात धरणीनं अंग हलवलं तर कुणाला कळणार? माग बंद कवा असतोय? अमावास्येला."

बरोबर होतं तिचं. गल्लीतले सगळे माग अमावास्येला बंद. कामगारांची सुट्टी तीच, मागाची पूजा तीच, तेलपाणी तेच. रात्री माणसं दमून झोपलेली; जागेपणी तिथल्या जमिनीचं काही ऐकू येण्यासारखा महिन्यात तो एकच दिवस. वर्षाला धक्के पाच बसोत नाही तर दहा, गल्लीला कळणार तो अमावास्येचाच. ह्याच गल्लीत जन्मलेला मी, मागाच्या खडखडाटात पाळण्यात झोपलेला, आणि हे मला तंबाखूच्या गावची पोर सांगत होती. फौंड्रीत कुणी शंभर नगांतले सोयीचे दोनच उचलून 'सगळा माल पास' म्हटलं असतं, तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. लाज वाटली. पण त्याहून जास्त भीती वाटली. माझ्या फुशारकीपायी ह्या पोरीचं पोट फाडायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी वडगाव गाठलं. "आक्का, माझं चुकलं. चित्र खोटं हाय." आक्का हसली. "तिनं शिकवून धाडलंय व्हय रं तुला?" घ्या! मी खोटं बोललो तेव्हा शास्त्रज्ञ, आणि खरं बोललो की सुनेचा बाहुला.

मग मी प्रयोग करायचं ठरवलं. चारही माग चालू होते. आक्काला पुढं सोप्यात बसवलं, मागच्या खोलीत गेलो आणि छातीपर्यंत उचललेला वरवंटा जमिनीवर सोडला. फरशी फुटली. बाहेर येऊन विचारलं, "काय कळलं?" "काय कळायचं?" मग भाच्याला माग बंद करायला लावलं, आत गेलो, पुन्हा सोडला. ह्या खेपेला तो निम्मा माझ्या अंगठ्यावर आला. लंगडत बाहेर आलो, तर आक्का आपल्या तळपायाकडं बघत बसली होती.

"पायाला कळलं," ती म्हणाली.

"भूकंपाचं बी तसंच हाय, आक्का. तो कवा बी येतोय. आपल्याला कळतंय तेवढं अमावास्येला. अमावास्येचा काय बी दोष न्हाय." अंगठा ठणकत होता, तरी मी जिंकल्यासारखा खुर्चीत बसलो.

आक्कानं तळपायावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "अमावास्येचा दोष न्हाय, तर मग माझं पहिलं लेकरू कशानं गेलं रं?"

मी अंगठा चोळायचा थांबलो. आक्का तेव्हा विशीचीही नव्हती, मी शाळेत जाणारा पोरगा. बाळ ज्या दिवशी आलं त्याच दिवशी गेलं. घरात पुन्हा कधी विषय निघाला नाही. विचारलंच कुणी तर आई एवढंच म्हणायची, अमावास्या होती. आक्कानं इतकी वर्षं तेवढंच धरून ठेवलं होतं. आणि ते मी वरवंटा आपटून काढून घेतलं.

"म्हंजे माझंच काय तरी चुकलं का?" ती म्हणाली. "मी त्या दिवशी मागावर बसलेते."

ह्याचं चित्र मला काढता येत नव्हतं. मी उठलो, तिच्याजवळ खाली बसलो. "कशानं गेलं ते मला ठाऊक न्हाय, आक्का. पण तुझं काय बी चुकलं न्हवतं." मला रडू आलं. आतापर्यंत दारात उभी असलेली सून पुढं आली आणि पोट सांभाळत आक्काच्या पलीकडं बसली. तिनं आक्काचा हात धरला. भाचा माग सुरू करायला निघाला होता, तो तसाच उभा राहिला.

त्यानंतर आक्कानं सिझरचं नाव काढलं नाही. मला वाटलं, पटलं असेल. पटलं नव्हतं. बायको म्हणाली, ती रोज देवाजवळ बसून अमावास्या कधी टळते ते बघत होती.

अमावास्या टळली नाही. त्याच दिवशी सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली, आपणहून, काही न कापता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आक्का बाकावर बाळाला घेऊन बसली होती. फोन कानाला होता, गल्लीतली एक शेजारीण पलीकडनं विचारत होती. तिचा आवाज मला इथवर ऐकू आला, "अगं बया, अमावास्येला?"

"व्हय, अमावास्येला," आक्का म्हणाली, आणि तिनं फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. "ऐक, कशी रडायलीय."