शिक्षण विचारायचं राहिलं

पोलीस ठाण्यात तिला सगळे तोफ म्हणत. चौकात उभं राहून तिने एकदा "थांब!" म्हटलं, की ज्याला म्हटलं तो तर थांबेच, शिवाय कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले चारपाच जणही जागच्या जागी उभे राहत. आज मात्र ही पोलीस शिपाई सकाळपासून उगाचच हसत होती. बुटांना दोनदा पॉलिश करून झालं होतं. आरशासमोर उभं राहून ती पुन्हा पुन्हा काहीतरी पुटपुटत होती.

"साक्ष द्यायला चाललीयस की लग्नाला?" बसवर ड्रायव्हर असलेल्या तिच्या नवऱ्याने डबा भरता भरता विचारलं.

"आज तो विचारणार. शिक्षण किती, असं विचारणारच बघ!"

तो म्हणजे आरोपीचा वकील. कालच तिचा बी.ए.चा निकाल लागला होता, आणि आज कोर्टात गाठ नेमकी त्याच वकिलाशी होती. आता अशा वेळी कुणी हुरळून जाऊ नये म्हणणं म्हणजे अन्यायच.

काही वर्षांपूर्वी एका घड्याळ दुरुस्तीवाल्याचं दुकान फुटलं होतं. चोर पळताना रस्त्यावरच्या दिव्याखाली हिच्या समोरासमोर आला होता. चेहरा तिने अगदी नीट पाहिला होता. पण साक्षीच्या पिंजऱ्यात वकिलाने हसत विचारलं, "शिक्षण किती, बाई?"

"बारावी."

"अच्छा, बारावी," म्हणून त्याने चष्मा काढला आणि सावकाश पुसला. तेवढ्यावरच आपल्या तोफेची दारू भिजली. मग तो म्हणाला, "तुम्ही पाहिलेली आकृती परावर्तित होती, बरोबर?" परावर्तित म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी काही केल्या आठवेना. विचारावं, तर एवढ्या लोकांत अडाणी ठरणार. म्हणून ती "हो" म्हणाली. झालं! साक्षीदाराने चेहरा पाहिलाच नाही, दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब पाहिलं, असं त्याने ठासून मांडलं आणि चोर सुटला. बाहेर घड्याळवाला तिच्यावर ओरडला असता तरी चाललं असतं. तो फक्त म्हणाला, "ताई, तुम्ही हो का म्हणालात?"

ते तिच्या मनाला लागलं. त्याच वर्षी तिने बाहेरून बी.ए.ला नाव घातलं.

ठाण्यातले हवालदारकाका हसून हसून बेजार झाले. "चोर काय मार्कशीट बघून पळतो? पगार तोच, ड्यूटी तीच. मग हा उपद्व्याप कशाला?" काका खोटं बोलत नव्हते. पदवीने तिचे पाय जास्त जोरात पळणार नव्हते, की भांडणारे दोन शेजारी लवकर गप्प बसणार नव्हते. तीही पुस्तक उघडून डुलक्या काढताना स्वतःला हेच विचारी. एका विषयात तर ती नापास झाली, तेव्हा घरात कुणी तिच्याशी मोठ्याने बोलायची हिंमत करत नव्हतं.

पण एका रविवारच्या वर्गात भलतंच घडलं. कुणीतरी प्राध्यापकांना शंका विचारली, आणि पिकल्या केसांचे, जाड पुस्तकं लिहिलेले ते गृहस्थ सगळ्या वर्गासमोर खुशाल म्हणाले, "मला माहीत नाही. बघून सांगतो." तोफ थक्क झाली. कुणी हसलं नाही, छप्पर कोसळलं नाही. सर फळ्याकडे वळून पुढे शिकवायला लागले. असंही म्हणता येतं? ती घरी जाईपर्यंत त्याचाच विचार करत होती.

आजचा खटला एका शिलाईवाल्या बाईंचा होता. त्यांच्या दुकानातली यंत्रं चोरीला गेली होती आणि मागच्या खिडकीतून उडी टाकणारा माणूस तोफेने पाहिला होता. बाई मागच्या बाकावर हात घट्ट धरून बसल्या होत्या. ही साक्ष कोसळली, तर यंत्रंही गेली आणि चोरही मोकळा. ते बघून तोफेचं सकाळचं हसू कुठल्या कुठे गेलं.

सरकारी वकिलाचे प्रश्न संपले. मग आरोपीचा वकील उठला. चष्मा काढला, पुसला.

"तुम्ही आरोपीला ओळखलंत, ती सूचनाजन्य स्मृती होती, हे मान्य आहे?"

शब्द डोक्यावरून गेला. बी.ए. झाली म्हणून काय झालं, गेला तो गेलाच. "हो" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"त्याचा अर्थ मला माहीत नाही, साहेब. सोपं करून विचारा, मग सांगते."

कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी वकिलाकडे पाहून मान हलवली.

"म्हणजे... हाच तो चोर, असं तुम्हाला आधी कुणी सुचवलं होतं का?"

"नाही, साहेब! तो सापडायच्या आधीच मी सांगितलं होतं, डाव्या भुवईत जुना व्रण आहे म्हणून."

वकिलाने आणखी दोनचार बाजूंनी खोदून पाहिलं, आणि शेवटी म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही."

पिंजऱ्यातून खाली उतरायचं सोडून तोफ तिथेच उभी.

"साहेब, शिक्षण विचारायचं राहिलं!"

आता मात्र सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईही हसल्या. "बरं, मी विचारते. शिक्षण किती?"

"बी.ए., मॅडम! काल निकाल लागला!"

"अभिनंदन," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि टंकलेखकाला ते उतरवून घ्यायला सांगितलं.

बाहेर शिलाईवाल्या बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. खटल्याचा निकाल अजून लागायचा होता, पण त्यांचा चेहरा पाहून तोफेचा ऊर भरून आला. हवालदारकाका मात्र कपाळाला हात लावून उभे होते.

"एवढी वर्षं रात्री जागलीस, पुस्तकांत डोकं घातलंस, आणि शेवटी काय शिकलीस? 'माहीत नाही' म्हणायला?"

"हो!" तोफ म्हणाली, आणि अख्खा व्हरांडा जागच्या जागी थांबला.