पहिल्या हाकेला ओ

बाल्कनीचं दार उघडलं की वास आत येतो, आणि एकदा आला की जायचं नाव घेत नाही. गावाकडून येणाऱ्या बसने आईने मोहफुलांची पिशवी पाठवली आहे. वाळलेल्या मोहाचा वास ज्याच्या नाकाला माहीत नाही त्याला तो सांगायचा तरी कसा? मनुकांसारखा म्हणावा तर त्यात भिजल्या गोणपाटाचा वास मिसळलेला असतो, आणि तळाशी काहीतरी आंबायला निघालेलं. गोड आहे, पण जरा जास्तच गोड. माझी बायको अमरावतीची. ती सकाळपासून नाकाला पदर लावून फिरते आहे. ‘अहो, शेजाऱ्यांना वाटेल आपण घरात भट्टी लावली!’ मी हसलो. ही फुलं भाजायची, तिळासोबत कुटायची आणि त्यांचे लाडू वळायचे, एवढाच आमचा गुन्हा. पण हसता हसता माझं लक्ष फोनकडे होतं. पिशवी पोचली हे आईला कळवायचं राहिलं होतं, आणि चैत्रात आईला फोन करताना माझा हात अजूनही जरा अडखळतो.

आईला फोन लावायचा म्हणजे तो दोनदा लावायचा, हा आमच्या घरातला नियम होता. पहिला फोन ती उचलतच नसे. मोबाईल चुलीजवळच्या फळीवर वाजत असायचा, ती समोर बसून भाकरी थापत असायची, आणि वाजून वाजून तो गप्प झाला की त्याच्याकडे पाहत बसायची. दुसऱ्यांदा वाजला की मात्र लगेच, ‘हं, बोल.’ बायको लग्नानंतरचे काही महिने समजत होती की सासूबाई रागावल्या आहेत. मग मी तिला समजावून सांगितलं आणि ती पोट धरून हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते, अर्धं तरी.

आमचं गाव सावली तालुक्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपतात आणि झाडी सुरू होते तिथलं. आमच्याकडे रानात किंवा दिवेलागणीला कुणी नुसती एक हाक मारली तर ओ द्यायची नसते. हे आम्हाला चालायला लागायच्या आधी कळतं म्हटलं तरी चालेल. रानात माणसं असतात तशी इतरही काही असतात, आणि त्यांनाही आपली नावं येतात. पण त्यांना हाक एकदाच मारता येते. माणसाचं तसं नाही. माणसाला आपली गरज असते, म्हणून तो पुन्हा हाक मारतो. तेव्हा पहिली हाक कानावर पडू द्यायची, हातातलं काम करत राहायचं, आणि दुसरी आली की खुशाल ओ द्यायची. किती शहाणपणाचं वाटायचं मला हे लहानपणी! माणूस ओळखायची याहून सोपी रीत कोणती असणार?

बाबा गेले तो चैत्रच होता. मी तेव्हा गडचिरोलीला वसतिगृहात राहून शिकत होतो, त्यामुळे माझ्याजवळ त्या सकाळचं स्वतःचं असं काहीच नाही. जे आहे ते आईचं आहे, आणि तेही तिने मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजसाठी नागपूरला निघालो त्या दिवशी, माझी पेटी भरता भरता. मोह वेचायला दोघंही उजाडायच्या आधी गेले होते. आमची झाडं नाल्याच्या दोन अंगांना होती. अलीकडच्या झाडाखाली आई, पलीकडच्या झाडाखाली बाबा, आणि मधे पळसाची दाटी. मोह वेचणारं माणूस खाली वाकलेलं असतं, आणि वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. त्या जनावराचं नाव आम्ही घेत नाही, मीही इथे घेणार नाही. आईची पाठ नाल्याकडे होती. तिला मागून हाक आली, ‘अवो!’ बाबा तिला तशीच हाक मारत. आवाज त्यांचाच होता. पण रान होतं, पुरतं उजाडलं नव्हतं, आणि हाक एकच होती. आई वेचायची थांबली. रीतीप्रमाणे दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागली. ती आली नाही.

‘पन म्या ओ देल्ली होती,’ आई म्हणाली होती. ‘तोंडातल्या तोंडात. जोराने देली नाई, पन देली. आयकली असन का रे त्यायनं?’ मी पेटीचं कुलूप लावलं. आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिचं सगळं दुःख त्या एका प्रश्नापाशी येऊन बसलं. नवरा गेला हे तिने पचवलं. शेती केली, मला शिकवलं, माझं लग्न लावलं. पण शेवटच्या क्षणी त्या माणसाला काय वाटलं असेल, आपण हाक मारली आणि बायकोने ओसुद्धा दिली नाही असंच वाटलं असेल का, हे काही तिच्या मनातून जात नव्हतं. गावातल्या बाया म्हणत, एवढ्या दुरून ओरडलेलं आयकू येत नाई बाई, तू तं मनातच बोल्ली. त्या तिची समजूत घालायला म्हणत, आणि तिला नेमकं तेच ऐकायचं नसे.

गेल्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली होती. चौथीतल्या माझ्या लेकीला नाताळची सुट्टी होती आणि तिने आजीला विज्ञान केंद्र दाखवायचा चंगच बांधला होता. आजीने ते पाहिलं नाही म्हणजे आजीचं आयुष्य वाया गेलं, असा एकूण सूर. निघालो सगळे. नागपुरातली माणसं तिथे लेकरांना घेऊन जातात आणि लेकरांपेक्षा स्वतःच जास्त बटणं दाबतात. मीही त्यातलाच. आईने मात्र कशालाच हात लावला नाही. वाकड्या आरशात ती बुटकी आणि अवाढव्य दिसली तेव्हा तेवढी खळखळून हसली. ‘अगा माय! तुया बापानं अशी पायली असती तं लग्नच केलं नसतं!’ लेकीने ते वाक्य दिवसभर घोकलं.

पुढे एक अंधारी खोली होती. भिंतीशी उभं राहायचं, लख्खकन उजेड पडतो, आणि आपण बाजूला झालो तरी आपली सावली भिंतीवर तशीच राहते. लेक हात पसरून उभी राहिली, उजेड पडला, ती धावत आमच्याजवळ आली आणि भिंतीवर हात पसरलेलं एक काळं लेकरू उरलं. सगळे टाळ्या वाजवत होते. आईने नातीचा दंड घट्ट धरला. ‘माणूस इकडं आन् सावली तिकडं? चाल इथून.’ मी म्हटलं, ‘अगं, मिटते ती आपोआप, थोड्या वेळाने.’ ती सावली पुरती मिटेपर्यंत आई मग तिथून हलली नाही. मागचे लोक खोळंबले, कुणीतरी च्यक च्यक केलं, पण ती हलली नाही.

बाहेर बागेत दोन मोठ्या पत्र्याच्या बशा आहेत. माणसापेक्षा उंच, उभ्या ठेवलेल्या, एक बागेच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला, समोरासमोर. प्रत्येकीपुढे एक लोखंडी कडं. त्या कड्याशी तोंड नेऊन बशीकडे बघत हळू बोललं की ते दुसऱ्या टोकाच्या कड्याशी बसलेल्याला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. मधे पोरं किंचाळत असोत की बँड वाजत असो. गंमत अशी की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आपापल्या बशीकडे तोंड करून असतात, म्हणजे एकमेकांकडे पाठ. लेकीने आजीला एका कड्यापाशी बसवलं आणि स्वतः पलीकडे धावली. थोड्या वेळाने तणतणत परत आली.

‘आजी, मी हाक मारली! ऐकू नाही आली?’

‘आली ना व.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू एकदाच मारली.’

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. मग शाळेतल्या बाईंच्या थाटात समजावून सांगू लागली. इथे ओरडावं लागत नाही, आवाज बशीवर आपटतो, गोळा होतो, सरळ तिकडे जातो. ‘अगं, तोंडातल्या तोंडात बोललं तरी पोचतं!’

‘तोंडातल्या तोंडात?’ आईने विचारलं.

‘हो!’

‘येवढ्या दुरून?’

‘हो गं आजी!’

ते शब्द आईचे होते. पण पोरीला काय माहीत असणार? तिला ताऱ्यांचा खेळ पाहायचा होता, बायको तिला घेऊन गेली. आई म्हणाली, ‘पाय दुखून राह्यले, मी इथीच बसतो.’ मी पाण्याची बाटली भरायला गेलो. येताना दुसऱ्या टोकाच्या बशीवरून यावं लागलं. ती मोकळी होती. तिथूनच आईला हळूच ‘चल’ म्हणून दचकवावं, अशी पोरकट कल्पना मनात आली आणि मी कड्याशी कान नेला.

‘ओ.’

एवढंच. माझ्या कानाशी, अगदी श्वासासकट. मी गप्प राहिलो. दचकलो म्हणून नाही, तर पहिल्या हाकेला गप्पच राहायचं असतं म्हणून. शहरात इतकी वर्षं काढली, तरी अंगात भिनलेलं असं जात नाही. माझ्या मागे पोरं घसरगुंडीवर किंचाळत होती, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, आणि मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभा होतो.

‘ओ,’ आई म्हणाली. ‘आयकलं म्या. तवाच ओ देल्ली होती. आयकलं का जी तुमी?’

ते ‘जी’ माझ्यासाठी नव्हतं. पण आता दोनदा झालं होतं, आणि दुसऱ्यांदा बोलावणारा माणूस असतो, त्याला आपली गरज असते. कड्याशी तोंड नेऊन मी म्हटलं, ‘हो, ऐकू आलं.’ आणि झाडाआडून लांबचा वळसा घेऊन तिच्याकडे गेलो. ती डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिने बाटली घेतली, पाणी प्यायली, म्हणाली, ‘चाल.’

दुसऱ्या दिवशी तिला बसवर पोचवायला गेलो. खिडकीतून तिने मला जवळ बोलावलं. ‘काऊन रे, काल दोनदा काऊन बोल्लास?’

‘कुठं?’

‘त्या तव्यापाशी.’ बशीला ती तवा म्हणत होती. ‘मले का समजत नाई का? लेकराचा आवाज वळखतो मी. पन पयले “आयकलो” मनलास, तुया बापावानी, थे बराबर मनलास. मंग थोड्या येळानं मास्तरावानी “ऐकू आलं” काऊन मनलास?’ ती हसत होती. इतकी मोकळी हसताना मी तिला फार वर्षांनी पाहत होतो.

मी म्हटलं, ‘असंच.’ कंडक्टरने दोरी ओढली आणि बस निघाली.

मी एकदाच बोललो होतो.

त्यानंतर मी पुष्कळ डोकं चालवलं. आवाज घुमला असेल. माझ्या आधी आमच्या झाडीपट्टीकडचाच कुणी पाहुणा त्या कड्याशी काहीबाही बोलून गेला असेल. तिच्या कानाला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं असेल, हे तर सगळ्यात सोपं. पण ती बशी मी आलो तेव्हा मोकळी होती, आणि ‘आयकलो’ हा शब्द माझ्या तोंडून सुटून किती वर्षं झाली ते मलाही सांगता येणार नाही. वसतिगृहात पोरं हसायची म्हणून सोडला, मग ऑफिसात सोडला, मग घरातही. लेकीला तर तो माहीतही नाही. पुन्हा दोनदा मी एकटाच त्या बागेत जाऊन आलो. कड्याशी कान लावून बसलो. कुणाचं तरी लेकरू पलीकडून ‘हॅलो हॅलो’ करत होतं. आईला मी यातलं काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. जे तिला मिळालं ते कुणी दिलं, याचा छडा लावून मला काय करायचं आहे? पण भीती वाटते, हे खरं. आणि ती भीती गेली तर मला चुकल्यासारखं होईल, हेही तितकंच खरं.

आता दुपार कलली आहे आणि वास घरभर झाला आहे. शेवटी मी फोन लावला. दुसऱ्यांदा लावायची जुनी तयारी होतीच, पण पहिल्याच रिंगला तिने उचलला.

‘ओ,’ ती म्हणाली. हिवाळ्यापासून ती पहिल्याच हाकेला ओ देते. गावातल्या बाया तिला रागावतात म्हणे, आणि ती त्यांना काही सांगत नाही.

‘आई, मोह पोचला.’

‘बरं झालं. उन्हात टाक एकडाव. वला नोको राहू देऊ, किडे पडतेत. आयकलास का?’

‘आयकलो,’ मी म्हटलं. कसा कोण जाणे, निघून गेला तोंडातून.

तिकडे सगळं शांत झालं. चुलीतलं लाकूड तडकल्याचा आवाज आला, मग तोही नाही. मला वाटलं, फोन कटला. आणि मग तिने ओ दिली, अगदी हळू, तोंडातल्या तोंडात. मला ती स्पष्ट ऐकू आली.