ते मन, नपुंसकलिंगी

स्ट्रासबर्गच्या शपथेचा तास मी तीस वर्षं घेतला आणि दर वर्षी तो रंगला. चंदीगडच्या कॉलेजात मध्ययुगीन युरोप शिकवायचा म्हणजे अर्धा वर्ग पेंगणार हे धरूनच चालायचं. पोपची माफी मागायला तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राहिलेला राजासुद्धा माझ्या मुलांना जागं ठेवू शकला नाही. ही शपथ मात्र ती कान देऊन ऐकायची.

गोष्ट नवव्या शतकातली. एका थोर सम्राटाचे दोन नातू आपल्या थोरल्या भावाविरुद्ध एक झाले. एकाचे सैनिक जुनी जर्मन बोलणारे, दुसऱ्याचे जुनी फ्रेंच. भर थंडीत, दोन्ही सैन्यांसमोर, दोघांनी एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली, आणि घेताना प्रत्येकानं भाषा वापरली ती दुसऱ्याची. जर्मनवाल्यानं फ्रेंच, फ्रेंचवाल्यानं जर्मन. शपथ समोरच्याच्या माणसांना कळायला हवी होती, म्हणून. तिथे हजर असलेल्या त्यांच्या एका नातलगानं ते शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवले. पुढे लवकरच साम्राज्याचे तीन तुकडे झाले. परीक्षेत ते तुकडे विचारतात, शपथ कुणी विचारत नाही.

"सर जी, मतलब पंजाबवाला हरियाणवी में कसम खाए और हरियाणेवाला पंजाबी में?" दोन राज्यांच्या या राजधानीत हा विनोद दर वर्षी कुणीतरी करायचंच. वर्ग हसायचा. मग मी गंभीर होऊन सांगायचो, की ज्याला आपलं म्हणायचं त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलावं, राजकारण तिथून सुरू होतं. हे सांगून मी स्कूटरवरून घरी यायचो आणि माझ्या मुलीपुढे बहिरा व्हायचो.

तो आमच्या घरचा नियम होता, आणि तो मीच केला होता. मुलगी चंदीगडलाच जन्मली. शाळा हिंदी-इंग्रजी, मैत्रिणी पंजाबी, खालच्या मजल्यावरच्या आंटीजी तिला अर्धी आपलीच समजायच्या. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत यायचं. मी सांगलीहून इतक्या लांब येऊन पडलो होतो. भाषा सुटली तर माझं काय उरेल, अशी धास्ती मला होती. तेव्हा मी त्या धास्तीला 'संस्कार' म्हणायचो. नियम असा की हिंदीत बोललेलं बाबांना ऐकू येत नाही. रोटी मागितली तर मिळायची नाही, पोळी मागितली तर लगेच. बायको म्हणायची, "अहो, पोर जेवतेय, तिची परीक्षा कसली घेताय?" पण मी हट्टी माणूस आहे.

मराठीत ती एकच चूक पुन्हा पुन्हा करायची. हिंदीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे 'माझी पुस्तक', 'माझा घर', 'माझा नाव'. मी प्रत्येक वेळी टोकायचो. माझं पुस्तक. माझं घर. तिसरं लिंग हा आपल्या भाषेचा दागिना आहे, वगैरे भाषणही द्यायचो. माझी स्वतःची हिंदी कशी होती ते विचारू नका. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला मी तीस वर्षं 'दही खट्टा है'ऐवजी 'दही खट्टी है' म्हणत आलो. तो बिचारा 'हां जी' म्हणून दही बदलून द्यायचा. एकदाही हसला नाही.

एकदा जेवताना मी शपथेची गोष्ट तिलाही सांगितली. ती तेव्हा नववीत असेल. घास हातात तसाच ठेवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तो क्या दोनों भाइयों ने पहले प्रैक्टिस की होगी?"

इतका चांगला प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. "मराठीत विचार," मी म्हणालो. तिनं घास तोंडात घातला आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

अकरावीला तिनं 'मेडिकल', आपल्याकडचं बायॉलॉजीवालं सायन्स, घेतलं. घेतलं म्हणजे मी घ्यायला लावलं. मार्क चांगले होते आणि ओळखीतली सगळी हुशार मुलं तिकडेच जात होती. इतिहासानं मला काय दिलं, असं मी येताजाता म्हणायचो, तेही तिनं ऐकलेलं असणार. महिनाअखेरपर्यंत विषय बदलायची मुभा होती. त्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. ती येऊन टेबलाशी उभी राहिली.

"बाबा, एक बात करनी थी।"

"मराठीत."

तिनं श्वास घेतला. मनात जुळवून आणलं असावं, कारण ती सावकाश बोलली. "बाबा, माझा मन नाही लागत तिथे. मला... माझा मन..."

"माझं," मी म्हणालो. लाल पेन हातातच होतं. "माझं मन. ते मन, नपुंसकलिंगी. म्हण पुन्हा."

ती टेबलापासून मागे सरली. पुन्हा म्हणाली नाही. "कुछ नहीं," म्हणाली.

"काही नाही," मी तेही दुरुस्त केलं आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.

ती डॉक्टर झाली. सेक्टर बत्तीसच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. नंतर पुण्याला गेली ती तिथेच रमली, असं मी लोकांना सांगतो. आईशी ती फोनवर तासभर हिंदीत बोलते, हसण्याचा आवाज मला दुसऱ्या खोलीत येतो. माझ्याशी मराठीत बोलते. "कसे आहात बाबा? गोळ्या वेळेवर घेता ना?" पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तशी स्वच्छ, बेताची मराठी.

गेल्या थंडीत मटार सोलताना बायको सहज म्हणाली, "तिला आर्ट्सला जायचं होतं. तुमचाच विषय घ्यायचा होता."

मला आधी कळेचना. "मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं मी बोलते. ती म्हणाली, नको, मीच सांगेन, मराठीत सांगेन. दोन दिवस माझ्याकडून वाक्यं विचारून घेत होती." बायकोनं शेंगेतला किडका दाणा बाजूला काढला. "नंतर म्हणाली, बाबा को बोला था, उन्होंने गलती निकाली. मग मला शपथ घातली, आता विषय काढायचा नाही."

म्हणजे प्रॅक्टिस केली होती तिनं. माझ्या भाषेत, त्या दोन भावांसारखी. मला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून गॅलरीत गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही.

जानेवारीत ती चार दिवस आली. मी ठरवलं की बोलायचं आणि तिच्या भाषेत बोलायचं. निवृत्त प्राध्यापक आरशासमोर उभा राहून हिंदीचं एक वाक्य घोकत होता. चार दिवस धीर झाला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिला विमानतळावर सोडायला निघालो. धुकं होतं, गाडी हळू चालवावी लागत होती. एका चौकात वळताना मी बोलून टाकलं.

"बेटा, उस दिन मैंने तुम्हारा बात सुना नहीं। मेरा गलती था।"

एवढं घोकूनही दोन्ही शब्दांची लिंगं चुकली. माझ्याच कानाला ते कळलं. तिनं दुरुस्त केलं नाही. कुठला दिवस असंही विचारलं नाही. ती माझ्या हातावर क्षणभर हात ठेवून म्हणाली, "आता राहू दे बाबा. लागलं माझं मन. लावून घेतलं मी ते."

मी ते वाक्य विमानतळापर्यंत मनात तपासत गेलो. त्यात एकही चूक नव्हती.