मुंग्या कुठवर आल्या?

हात गळ्यात बांधला तसं आमच्या मालकानं, प्रेमदासनं, आख्खं घर डोक्यावर घेतलं. उठायचं, दारात जायचं, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडं बघायचं, परत येऊन बसायचं. मी म्हणायची, "अवो, एका जागी बूड टेका की!" ऐकंल तर शपथ.

काठावर कुणीतरी पिऊन फोडलेल्या बाटलीची काच जाळ्यात आली आन् ह्यांच्या मनगटात घुसली. मुडदा बशिवला त्या पिणाऱ्यांचा! नांदेडला बोटांना जाण देणारी नस शिवली, पण अंगठा आन् बाजूची दोन बोटं मेल्यागत. जाळ्याची गाठ डोळ्यानं न्हाई, बोटानं कळती. बोटच गेलं तर मासे धरणाऱ्यानं खायचं काय?

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "टाक्यानं नुसती टोकं जुळली. नस आता स्वतः वाढणार. तिच्या टोकावर आणि वाटेतल्या पेशींवर चिकटून धरणारी प्रथिनं असतात. कारल्याचा वेल काटकी धरत चढतो, तशी ती धरत धरत पुढं जाते. फार हळू जाते, धीर धरा."

धीर! आन् ह्यांच्याकडं!

दर तपासणीला बाई मनगटापासून टिचक्या मारत विचारायच्या, "मुंग्या येतात का?" हे म्हणायचे, "न्हाई." एका खेपेला बाईंचा चेहराच उतरला. "नस अडकली वाटतं. पुन्हा उघडून बघावं लागेल."

मी ह्यांच्याकडं पाह्यलं. घरी तर दिवसभर हात झटकून राहिले होते, चोळून राहिले होते. माझं टाळकंच सटकलं. "बाई, खोटं बोलून राहिले हे! तळहातात मुंग्याच मुंग्या हायेत!"

"काहून लपवलं?" मी ह्यांच्यावर खेकसले.

हे खाली मान घालून बोलले, "शेजारच्या रुख्मिणीबाईच्या पायाला आधी मुंग्याच आल्या व्हत्या. मंग पाय कापला."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते साखरेच्या आजारानं. तिथं नस मरत होती, तुमची वाढतेय! मुंग्या जिथं, नसेचं टोक तिथं." तळहाताच्या मधोमध टिचकी बसली तसे हे दचकले. ऑपरेशन टळलं.

त्याला आता बरेच महिने झाले. परवा ह्यांच्या हातात चहाचा गिलास दिला. "आगं आईऽ, पोळलं!" गिलास खाली, चहा सगळा माझ्या लुगड्यावर. शिवी पार ओठावर आली होती माझ्या.

"कुठं पोळलं?"

"अंगठ्याला," हे म्हणाले, आन् आमी दोघंबी येड्यावानी रडाय लागलो.