आफ्रिकेतली पोरं आणि आमचा दामू

१९८९ साल होतं, मी चौपन्न वर्षांचा. त्या साली दामूनं मला आफ्रिकेतली पोरं दाखवली. आमचा दामोदर मास्तर मागच्या महिन्यात परतूरला वारला. त्याच्या लेकाचा फोन आला, आणि मला आधी ती पोरंच आठवली...

आम्ही तीर्थपुरीकडच्या एकाच गावचे, एका वयाचे. तो बौद्धवाड्यातला, मी पाटलाच्या घरचा. आफ्रिकेतल्या गोष्टींमध्ये लहान पोरं कशी रंगवलीत, यावर तो विद्यापीठासाठी प्रबंध लिहून राह्यला होता. संध्याकाळी त्याच्या अंगणातल्या लिंबाखाली इंग्रजी पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि आपल्या बोलीत सांगत जायचा. मी दुसरी शिकलेला. तरी मधेच अडवायचो, की एवढंसं पोर असं बोलत न्हाई. तो म्हणायचा, किसनराव परीक्षक बसलेत, आता डिग्री मिळणं कठीण. पण वहीतला शब्द खोडायचा.

काय एकेक पोर होतं. भावाला कडेवर घेऊन लढाईतून चालणारी पोरगी. बाप साहेबापुढं वाकलेला असताना साहेबाच्या बुटांकडंच बघणारं पोरगं. लिहिणारा त्यांचं कौतुक करत न्हाई, कीवही करत न्हाई. नुसतं त्यांच्या डोळ्यांनी बघतो, आणि मोठी माणसं उघडी पडतात. मी थक्क होऊन ऐकायचो.

एकदा त्यानं गड्याच्या पोराची गोष्ट सांगितली. ते दिवसभर मालकाच्या पोरासंगं खेळायचं. पाण्याला मात्र त्याचा डबा निराळा, दाराबाहेर. त्याबद्दल ते तक्रार करत न्हाई, डबा कुठं गंजलाय तेवढं सांगतं.

मी म्हणलो, "हे लिहिणाऱ्याचं डोकं. पोरं असलं विसरून जातात."

दामूनं पुस्तक मिटलं. "किसनराव, तुमच्या आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. वरून पाणी ओतताना मनगटावर घसरायच्या. एकीला तडा गेल्ता."

लहानपणी आई दाराबाहेर त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची, आणि मी बाजूला उभा राहून जल्दी कर म्हणायचो... एवढं सगळं मनात ठेवून हा माणूस पंचेचाळीस वर्षं माझ्याशी हसून बोलला. वर्षभर त्याच्या अंगणात बसत होतो, पण घोटभर पाणी कधी मागितलं नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. माफी मागणं माझ्या जिभेला जमत न्हाई, तेव्हाही जमलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरात गेलो, चुलीजवळ बसलो आणि वहिनींकडं पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावून सगळं प्यालो.